बाटलीतले खत आणि त्यामागचे इंधन



खताच्या दुकानात हल्ली युरियाच्या गोणीशेजारी नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली दिसते. गोणी वाहण्याचे कष्ट वाचतात हे खरे. पण इंधन वाचते काय, हवा-पाणी राखले जाते काय, हे पाहावयाचे तर कारखान्यापासून शिवारापर्यंतचा हिशेब मांडला पाहिजे.

प्रथम गोणी पाहू. गोदावरीपलीकडे रामगुंडमला नवा युरिया कारखाना आहे. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. तेथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया व त्यापासून युरिया बनतो. त्यासाठी मोठी उष्णता आणि मोठा दाब लागतो. म्हणून युरियाची मूठ वाया घालवणे म्हणजे इंधन वाया घालवणे होय. जादा टाकलेल्या नत्राचा काही भाग हवेत जातो, काही विहिरीच्या पाण्यात उतरतो.

आता बाटली. इफ्को या सहकारी संस्थेने ती २०२१ साली आणली. मिलिमीटरचे वीस हजार भाग केले, तर त्यातील एका भागाहून हे कण मोठे नसतात, असे ती सांगते. कोणताही पदार्थ इतका बारीक करणे फुकट होत नाही. दळावयाचा तर वीज लागते, रसायनांनी घडवावयाचा तर द्रावणे व पाणी लागते. शिवाय प्लॅस्टिकची बाटली उरतेच.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. पहिल्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे अवघे २० ग्रॅम होते. ४५ किलोच्या गोणीत ते ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम असते. फरक हजारपटीचा आहे. २०२४ मध्ये जास्त नत्राची बाटली आली, तरी तिच्यातील नत्रही ग्रॅमांतच मोजावे लागते. मूठभर तांदूळ शिजवण्यास सरपण थोडे लागते, पण त्यात घर जेवत नाही.

पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केला. नेहमीचे नत्र निम्मे करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा भात व गहू दोहोंचे उत्पादन घटले. नांगरणीचे डिझेल व पंपाची वीज मात्र तेवढीच लागते. तेव्हा इंधनाचा हिशेब बाटलीमागे न करता पिकाच्या क्विंटलमागे करावा.

सर्व शेतावर एकदम भरवसा ठेवू नका. आधी कापसाच्या चार ओळींत फवारून पाहा, शेजारच्या चार ओळींना नेहमीचे खत द्या, आणि दोन्हींचा कापूस वेगळा तोला. शेणखत चालू ठेवा. युरिया एकदम न देता हप्त्याने, ओल पाहून, मातीआड करा. इंधनाची खरी बचत तेथेच आहे.