खापरपणजोबांचा कागद (भाग ९) : बोरी, पण कोणती?

मागचा भाग खासरा पत्रकावर होता. तो वाचून परभणी जिल्ह्यातल्या आमच्या बोरीतलेच एक काका प्लास्टिकची पिशवी घेऊन घरी आले. पिशवीत निजामाच्या काळातल्या उर्दू कागदाची झेरॉक्स होती आणि ओळींच्या खाली कुणीतरी पेन्सिलीनं मराठी अक्षरं काढलेली. त्यांचं बोट एकाच शब्दावर होतं, ‘वल्द’, म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘ह्याच्या म्होरं जे नाव हाये, ते माझ्या आज्याच्या बापाचंच ना?’ त्यांचंच होतं. काका खूश झाले. चहा झाला, चपला घालता घालता त्यांनी जे विचारलं त्याला मात्र माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. ‘आज्याचा एक भाऊ लहानपणीच गाव सोडून गेला म्हनत्यात. परत आलाच नाही. त्याचा कागद कुठं गावंल?’

जिंतूरच्या तहसिलीत तरी गावणार नाही. गेल्या आठ भागांत आपण जे दप्तर चाळलं, म्हणजे सेतवार, खासरा, पाहणी पत्रक, कोतवाल बुक, ते सगळं जमिनीच्या आणि गावाच्या मागे फिरणारं दप्तर आहे. माणूस गावात आहे आणि त्याच्या नावावर बांध आहे तोवर तो कागदात. शिवेबाहेर पाऊल पडलं की पुढच्या वारसाच्या फेरफारात त्याची जागा भरून जाते, आणि कित्येकदा तो होता हेही कळत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या जुन्या ‘कुणबी’ नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यात घरोघरी जुनी दप्तरं शोधली जात आहेत. ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द आता शेरडं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. पण ही सगळी शोधाशोध जे राहिले त्यांची आहे.

गेलेल्याचा कागद त्याला ज्यानं नेलं त्याच्याकडे असतो. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचा रस्ता दिसायला लागतो. मराठी माणसांपुरतं बोलायचं तर याचं सर्वांत चांगलं उदाहरण समुद्रापलीकडे मॉरिशसमध्ये सापडतं, म्हणून आज तिकडे.

मॉरिशस हे बेट इंग्रजांनी फ्रेंचांकडून १८१० मध्ये घेतलं. तिथे उसाचे मळे होते आणि मळ्यांवर गुलाम राबत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपायची होती, ऊस मात्र उभाच राहणार होता. म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायचं ठरलं. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ जण पोर्ट लुईला उतरले, ती सुरुवात. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे गेली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मधे काही वर्षं ही वाहतूक बंद होती. १८४२ च्या कायद्यानं ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मुंबई बंदरही त्यात होतं, आणि तिथून तीस हजारांच्या आसपास लोक गेले. मुख्यतः रत्नागिरीचे, शिवाय सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या बाजूचे. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावानं ऐकू येते.

त्यांच्याही आधी काही मराठी माणसं तिथे गेली होती, पण बेड्या घालून. मुंबई इलाख्यातले आणि बंगालमधले कैदी १८१५ पासून या बेटावर रस्ते बांधायला पाठवले जात. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्यानं हे कैदी पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांची आवर्जून नोंद केली. त्यांचा माग तुरुंगाच्या आणि खटल्याच्या कागदांतून काढावा लागतो. तो वेगळा रस्ता आहे, आज त्यात शिरत नाही.

करारावरच्या मजुराचा कागद मात्र इतका नेटका आहे की हेवा वाटावा. पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा पायऱ्या चढून माणूस वर आला की तिथल्या डेपोत त्याची नोंद व्हायची. ही जागा आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखली जाते आणि २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज, उतरल्याची तारीख, कोणत्या मळ्यावर दिला, हे सगळं एका ओळीत. बायकांना आणि पोरांनाही स्वतंत्र क्रमांक. ही रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहेत.

शोध उलट्या दिशेनं चालतो. मॉरिशसचा माणूस आधी आपला जन्मदाखला काढतो, मग बापाचा, मग आज्याचा, लग्नाचे दाखलेही सोबत. तिथल्या जुन्या दाखल्यांवर आईबापाच्या नावापुढे तो डेपोतला क्रमांक लिहिलेला असतो. एकदा क्रमांक सापडला की रजिस्टरची ओळ उघडते, ओळीतून जहाज आणि जहाजातून त्याच दिवशी उतरलेले बाकीचे लोक. आडनावावर भरवसा ठेवणारा मात्र हमखास फसतो. तिथे बापाचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढीचं आडनाव झालं. सखाराम नावाच्या मजुराची नातवंडं आडनावानं सखाराम झाली, आणि गावाकडचं खरं आडनाव समुद्रातच राहिलं.

आता खरी गाठ. समजा, त्या ओळीत गावाच्या रकान्यात लिहिलंय ‘बोरी’.

कोणती बोरी? जिंतूर रस्त्यावरची आमची बोरी? जुन्नरजवळ कुकडीकाठची बोरी बुद्रुक? यवतमाळकडची बोरी अरब? गोव्यात फोंड्याजवळची बोरी? बोरीचं झाड जिथे जिथे उगवलं तिथे तिथे गावाला नाव पडलं असणार, आणि हे झाड काही दुर्मीळ नाही. त्यात लिहिणारा कारकून मराठी नव्हता, त्यानं कानाला पडलं तसं रोमन अक्षरांत उतरवलं. बोरी, बोरे, बोरली, बोरीवली यांतलं काय ऐकून त्यानं काय लिहिलं असेल याची खात्री कोण देणार? रत्नागिरीचंसुद्धा त्या काळच्या इंग्रजी कागदांत ‘रटनागेरी’ होऊन जातं.

अशा वेळी एकट्या ओळीकडे टक लावून काही होत नाही. मी शिकलो ते असं : शेजारच्या ओळी वाचा. गाव सोडून माणसं सहसा एकटी जात नाहीत. भावकीतले दोघं, शेजारचा एक, पलीकडच्या वाडीतला एखादा, असे निघतात. त्याच जहाजात त्याच जिल्ह्याच्या आणखी चार जणांची गावं नीट वाचता आली, तर नकाशावर त्यांच्या मधोमध आपली बोरी शोधायची. जिल्ह्याचा रकाना दुसरा पुरावा. ‘रत्नागिरी’ असेल तर आमची बोरी बाद, कारण आम्ही तेव्हा निजामाच्या मुलुखात होतो, इंग्रजांच्या इलाख्यात नव्हतो. जिल्ह्यांचीही भानगड आहे. आजचा परभणी जिल्हा म्हणजे पूर्वीचा परभणी जिल्हा नव्हे. परतूर १९८१ मध्ये जालन्याकडे गेलं, हिंगोली १९९९ मध्ये वेगळी झाली. आजचा नकाशा पुढे ठेवून जुना कागद वाचायला बसलं की दिवस वाया जातो, माझे तर आठवडे गेलेत.

गावाकडचा कागद हाती आला, तर नावाच्या मधला लहानसा शब्द पाहा. ‘रामजी बिन विठोजी’ असं असेल तर ते इंग्रजी इलाख्यातलं मराठी दप्तर. बाईच्या नावात ‘कोम’ येईल, म्हणजे अमक्याची बायको. आमच्याकडे हेच ‘वल्द’ आणि ‘जौजे’ होतं, आणि परभणीच्या कचेऱ्यांत म्हातारे लोक अजून तसंच सांगतात. काकांनी ज्या शब्दावर बोट ठेवलं होतं तो नुसता ‘मुलगा’ नाही, तो कोणत्या सरकारचा कागद आहे ते सांगणारा शिक्का आहे.

जातीच्या रकान्याबद्दल सावध राहावं. तिथे ‘मऱ्हाटा’ लिहिलेलं दिसलं की आजचा वाचक लगेच अर्थ लावतो. पण सातासमुद्रापलीकडच्या कारकुनानं तो शब्द कधी जातीसाठी वापरला, कधी मुंबई बंदरातून आलेल्या कुणाहीसाठी. सध्या ‘कुणबी’ या ज्या एका शब्दाकरता लोक रात्ररात्र दप्तरं चाळत आहेत, तोही लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे प्रत्येक वेळी निराळं विचारावं लागतं. निदान मला तरी तसं वाटतं.

रत्नागिरीत पोचलेल्या वंशजाला धक्का बसतो तो पुढेच. मॉरिशसच्या रजिस्टरात त्याच्या पूर्वजाची उंचीसुद्धा आहे, आणि गावच्या दप्तरात त्याच्या सख्ख्या भावाचं नावही पुष्कळदा नसतं. कारण कोकणात खोती होती. सरकारी कागद खोताच्या नावानं, सारा भरणारा खोत, आणि जमीन कसणारं कूळ पुष्कळदा खोताच्या घरच्या वहीत असलं तर असलं. ही खोती १९४९-५० मध्ये गेली. जो राहिला त्याला फारसं कुणी लिहून ठेवलं नाही, जो गेला त्याची खूणन् खूण लिहिली गेली. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे आणि दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात परदेशगमनाचा पत्रव्यवहार आहे. पण तिथे धोरण सापडतं, तक्रारी सापडतात, माणसं क्वचितच. माणसं पोर्ट लुईच्या ओळीतच सापडतात.

ती ओळ प्रेमानं लिहिलेली नाही. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून खूण लिहिली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपयांच्या घरात, आणि एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. १८६७ च्या कायद्यानं जुन्या मजुरांनी फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगणं सक्तीचं केलं, ते नसलं की भटक्या म्हणून धरून नेत. आज जो फोटो पाहून मॉरिशसचा एखादा नातू रडतो, तो त्याच्या आज्याला पकडण्यासाठी काढलेला असतो. १८७१ मध्ये आदॉल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्यानं याविरुद्ध अर्ज तयार केला आणि नऊ हजारांहून जास्त मजुरांनी त्यावर आपली नावं दिली. त्यातून चौकशी आयोग आला, १८७५ मध्ये अहवाल निघाला. वंशजांच्या दृष्टीनं तो अर्जही पूर्वजांची एक यादीच.

सरकारं माणसाला अडवतानासुद्धा त्याला लिहून ठेवतात. १९१६ मध्ये माल्टा बेटावरचे २१४ जण ‘गांज’ नावाच्या फ्रेंच जहाजातून ऑस्ट्रेलियाला पोचले. त्यांना उतरू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांची श्रुतलेखनाची परीक्षा घेतली. भाषा कोणती? डच! अर्थात सगळे नापास. त्यांना न्यू कॅलेडोनियाला पाठवलं, मग परत आणून सिडनीच्या बंदरात जुन्या गलबतावर ठेवलं, आणि १९१७ मध्ये कधीतरी जमिनीवर पाय टेकू दिला. या अडवाअडवीच्या सरकारी फायली झाल्या, आणि माल्टी घराण्यांतल्या पणतवंडांना आज त्यांचाच आधार.

जुन्या ओळीला आता नवा भाव आला आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याची तरतूद जाहीर झाली. त्यासाठी भारतीय मूळ दाखवावं लागतं, म्हणजे पुन्हा तोच क्रमांक, तेच जहाज. मोका इथल्या अभिलेखागारातला उतारा आणि आमच्या सेतू केंद्रावरचं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, यांचं काम एकच झालं.

काकांच्या आज्याचा भाऊ मॉरिशसला गेला असेल असं मी म्हणत नाही. तो कदाचित हैदराबादेत पलटणीत गेला, कदाचित मुंबईच्या गिरणीत. गिरणीत गेला असेल तर हजेरीपट, पलटणीत असेल तर हैदराबादेतलं तारनाक्याचं अभिलेखागार. काकांना विचारलं, कुणी नेलं होतं त्याला? त्यांनी मान हलवली. ‘टोळी आली व्हती म्हन.’

टोळी हा शब्द ऐकला आणि दिवाळीनंतरचा बोरीचा फाटा डोळ्यांपुढे आला. ट्रॅक्टरच्या दोन दोन ट्रॉल्या, वर खोपट बांधायचं सामान, भांडी, शेळी, पोरं. आमच्याकडचेही लोक ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादम उचल देतो, खाडा झाला की मजुरी कापतो. या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालं, ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं ठरलं, काहींना ती मिळालीही. पण रोजचा व्यवहार मुकादमाच्या वहीवरच चालतो. एका मुकादमानं मला ती वही पाहू दिली. नवराबायको मिळून ‘एक कोयता’, त्यामुळे बाईच्या नावाला रकानाच नाही. पोरांची नावं नाहीत. बापाचं नाव नाही. उचलीचा आकडा मात्र सुवाच्य अक्षरात, दोनदा अधोरेखित.

गावाचं नाव होतं. नुसतं ‘बोरी’.

(पुढच्या भागात : पलटणीची दप्तरं आणि निजामाच्या फौजेतले मराठवाड्याचे शिपाई.)