दरोडेखोर माशीला हवे निर्विष शेण

माशी म्हटली की उकिरडा आणि रोगराई आपल्या डोळ्यांसमोर येते. मात्र, अन्य कीटकांची झडप घालून शिकार करणाऱ्या माश्याही निसर्गात आहेत. 'ॲसिलिडी' कुळातील या माश्या 'रॉबर फ्लाय' अर्थात दरोडेखोर माश्या म्हणून ओळखल्या जातात. जगभरात त्यांच्या सात हजारांहून अधिक प्रजाती आहेत.

त्यांपैकी 'हॉर्नेट रॉबर फ्लाय' ही ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या माश्यांपैकी एक. लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर आणि पिवळे-तपकिरी रूप थेट गांधीलमाशीचे. लिनियसने १७५८ मध्ये दिलेल्या 'क्रॅब्रोनिफॉर्मिस' या नावाचा अर्थही 'गांधीलमाशीच्या रूपाची' असाच आहे. तिला नांगी मात्र नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ती वाळलेल्या शेणावर किंवा उघड्या जमिनीवर दबा धरून बसते. नाकतोडा, शेणकिडा वा माशी टप्प्यात येताच ती झेपावते, सोंड खुपसून भक्ष्याच्या शरीरात लाळ सोडते. या लाळेने भक्ष्य लुळे पडते, त्याच्या शरीराचा आतील भाग विरघळतो आणि माशी तो शोषून घेते.

दक्षिण इंग्लंड व वेल्समधील न नांगरलेली गवताळ कुरणे आणि माळराने हा तिचा अधिवास. मात्र, केवळ गवत असून भागत नाही. तेथे गुरे चरावी लागतात. मादी शेणात किंवा त्याच्या आसपास अंडी घालते. तिच्या अळ्या शेणकिड्यांच्या अळ्यांवर जगतात, असे मानले जाते.

नेमकी हीच साखळी तुटू लागली आहे. अनेक जुनी कुरणे शेतीखाली गेली. काही ठिकाणी चराई थांबल्याने झुडपे माजली. त्यातच गुरांना जंतांवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिनसारखे औषध शेणावाटे बाहेर पडते आणि त्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्यांना मारक ठरते. शेणकिडे घटले, की या माशीचा आधारच जातो.

गुरांचे औषध भलत्याच जीवावर कसे बेतते, हे भारताने गिधाडांच्या बाबतीत अनुभवले आहे. त्यामुळेच २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

ब्रिटनने या माशीला संवर्धनाच्या प्राधान्य यादीत स्थान दिले आहे. मात्र, कुरणाला कुंपण घालून गुरांना मज्जाव केल्यास ती वाचणार नाही. गुरे चरत राहिली आणि त्यांचे शेण औषधमुक्त राहिले, तरच या दरोडेखोराचा संसार टिकेल.