ट्रकच्या इंजिनाचा उच्छ्वास

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना वाटेत डोंगरकडा लागते. हा मुलूख ऊस, केळी आणि हळदीचा. गाळप हंगामात इथल्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या गाड्यांची रीघ लागते आणि त्यांत जुने ट्रकही बरेच असतात. अशाच एका ट्रकची हकिगत आम्हांला रस्त्याकडेच्या एका गॅरेजात ऐकायला व पाहायला मिळाली.

भरलेला ट्रक चढाला लागला की इंजिन जोरात फिरे, पण गाडी ओढत नसे. गिअरबॉक्स उतरवून पाहिले तर क्लचप्लेट तेलाने भिजलेली. क्रँकच्या मागच्या टोकाचे ऑइल सील गळत होते. सील बदलले. पंधरवड्याने पुन्हा तेच. दुसरे सील घातले, तेही टिकेना. दर वेळी दोन दिवस गाडी उभी, आणि हंगामात खेपेवर पैसे मिळत असताना दोन दिवस म्हणजे काय, हे सांगायला नको. तिसऱ्या वेळी मिस्त्री गाडीखाली शिरला. इंजिनाच्या कुशीतून खाली आलेल्या एका नळीच्या तोंडात चिंधी कोंबून वरून तार आवळलेली होती. उभ्या गाडीखाली तेलाचे थेंब पडतात म्हणून चालकाने आपल्या परीने केलेला हा उपाय!

ही नळी म्हणजे इंजिनाचा ब्रीदर. ती बुजवल्यावर सील का फुटावे, हे समजण्यासाठी सिलिंडरच्या आत डोकवावे लागेल.

डिझेल इंजिनात पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्शाइतके दाबतो. तेव्हा तिचा दाब वातावरणाच्या तीसपटीहून अधिक होतो, आणि डिझेल पेटल्यावर तो आणखी बराच वाढतो. हा वायू खाली निसटू नये म्हणून पिस्टनवर रिंगा असतात. पण रिंग अखंड नसते. तापल्यावर ती प्रसरण पावते, म्हणून रेल्वेच्या रुळांत ठेवत तशी तिच्या दोन टोकांत बारीक फट ठेवावी लागते. या फटींतून आणि रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली, क्रँक फिरतो त्या पेटीत, उतरतोच. आपल्याकडचे मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात.

हा वायू किती असेल? जुन्या टाटा ट्रकांत ‘६९७’ हे इंजिन सर्रास असे. नावातच त्याचे माप आहे: सिलिंडर ६ आणि व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. विद्यार्थ्यांना यावरून इंजिनाचे आकारमान काढायला सांगावे, उत्तर ५.६७ लिटरच्या आसपास येईल. मिनिटाला २००० फेरे होत असतील तर चार धावांचे इंजिन त्यांतल्या निम्म्या फेऱ्यांत हवा ओढते, म्हणजे मिनिटाला साडेपाच हजार लिटरांहून अधिक. यातला शंभरावा हिस्सा जरी रिंगांखाली निसटला तरी मिनिटाला पन्नास-पंचावन्न लिटर वायू झाला. दर पंधरा-वीस सेकंदांना एक बादली भरावी इतका! आणि रिंगा झिजल्या की हे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

या वायूला वाट हवी. ब्रीदर बंद केला की पेटीतला दाब चढत जातो आणि वायू सर्वांत कमजोर जागा शोधतो. ती जागा म्हणजे सील. सीलचा रबरी ओठ तेल अडवण्यासाठी असतो, दाब पेलण्यासाठी नव्हे. चालकाने थेंब थांबवले आणि क्लचवर तेल ओतले.

वायूबरोबर काजळी, तेलाचे सूक्ष्म थेंब आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ तितकेच पाणी तयार होते, हे सांगितले तर वर्गात कोणी पटकन मानत नाही. त्यातले थोडे पाणी थंड इंजिनात तेलाला मिळते व झाकणाखाली दुधट साय धरते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चाले. पाण्याशी मिळून त्याचे आम्ल होई आणि बेअरिंगे खाई. २०२०पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग इतकी खाली आली आहे. म्हणून हा धोका घटला, पाणी मात्र आहेच.

जुन्या ट्रकांची ब्रीदरनळी खाली रस्त्याकडे सोडलेली असते. धावत्या गाडीखालून वाहणारी हवा नळीच्या तोंडाशी दाब किंचित कमी करते आणि वायू ओढला जातो. गाडी कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असेल तर ही ओढ नाही. शिवाय सारी घाण हवेत जाते. मोटारींच्या बाबतीत हे प्रथम कॅलिफोर्नियात खटकले. तिथे १९६१च्या मॉडेलांपासून हा वायू पुन्हा इंजिनातच जाळण्याची सोय करण्यात आली.

मग पेट्रोल कारचा तो व्हॉल्व्ह आणून ट्रकला बसवला तर? गॅरेजात हा प्रश्न निघालाच. उत्तर नाही असे आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती अर्धवट मिटलेली असताना पलीकडे चांगली पोकळी तयार होते आणि व्हॉल्व्ह तिच्यावरच चालतो. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते. वेग डिझेलच्या मात्रेने ठरतो. तिथे ओढ मिळते ती फक्त एअर क्लीनरच्या अडथळ्यामुळे, आणि तीही थोडी.

म्हणून डिझेलसाठी जुळणी वेगळी करावी लागते. ब्रीदरच्या वाटेवर तेल अडवणारी गाळणी बसवायची. साधी तारेची जाळी मोठे थेंबच अडवते. दाट तंतूंच्या गाळणीत बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि खाली निथळतात. हे तेल एकेरी झडपेतून चेंबरमध्ये परत जाते. रबरी नळी तेलाला टिकणारीच हवी, पाण्याची नळी तेलाने फुगते. तिचे भोक मूळ नळीहून लहान नको, आणि पाणी साचेल असा झोल नको.

गाळलेला वायू बाहेर सोडायचा की एअर क्लीनरच्या पुढे हवेच्या नळीत जोडायचा? (टर्बो असेल तर टर्बोच्या अलीकडे; पलीकडे दाब असतो.) जोडणी स्वच्छ खरी, पण तिच्यात एक धोका आहे. उसाच्या फडातल्या धुळीने एअर क्लीनर तुंबला की ओढ वाढते आणि पेटीतले तेलही हवेबरोबर खेचले जाते. डिझेल इंजिनाला तेल हेही इंधनच. मग डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही, वेग चढतच जातो आणि हवा कोंडल्याखेरीज ते आवरत नाही. यासाठी जोडणीत ओढ आवरणारा पडद्याचा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. आमचे मत असे की झिजलेल्या इंजिनाला ही जोडणी करूच नये. आधी रिंगा बघाव्यात.

रिंगांची परीक्षा मिस्त्री सोप्या रीतीने करतो. चालू इंजिनाचे तेल भरायचे झाकण काढून उलटे ठेवायचे. ते नाचू लागले की काम निघाले. आम्ही मोजमाप करून पाहिले. पारदर्शक नळी ‘यू’ आकारात पाटीवर बांधली, तिच्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवले. पाण्याच्या पातळीत एक सेंटिमीटर फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम हजारावा हिस्सा, तरी तो डोळ्यांना दिसतो. (हा प्रयोग मिस्त्रीसमोरच करावा, सैल कपडे व हात पंख्यापासून दूर ठेवावेत.) चिंधी काढलेली असूनही इंजिनाचा वेग वाढवताच पाणी चार-पाच सेंटिमीटर चढले. झाकण तर आधीच नाचले होते.

मालकाने मन घट्ट करून रिंगा आणि लायनर बदलून घेतले. त्यानंतर त्याच वेगाला पाणी एका सेंटिमीटरच्या आतच राहिले. गाळणी तेव्हा बसवली, वायूची वाट मात्र मिस्त्रीने बाहेरच ठेवली आणि नळीच्या टोकाखाली आठवडाभर एक बाटली टांगली. तिच्यात बोटभर पाणी जमले, वर तेलाचा पातळ तवंग होता. मागचे सील हंगाम संपेपर्यंत कोरडे होते.