कोपरा गुण्यात आहे का?

सोलापुरी चादर आपण सर्वांनी पाहिली आहे. मागावर तिचे उभे धागे शेजारी शेजारी ताणलेले असतात. कितीही लांब गेले तरी त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. अशा रेषांना समांतर रेषा म्हणतात. रेल्वेचे रूळही तसेच. बार्शीची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटांवर होते. कुठेही मोजा, अडीच फूट! आता तिथे रुंद रूळ आहेत, पण तेही समांतरच.

मागावर धोटा आडवा धागा टाकतो. आडवा धागा उभ्याला मिळतो, तिथे कोन होतो. दोन रेषा एका ठिकाणी मिळाल्या की कोन झाला. हा कोन चादरीच्या कोपऱ्यासारखा नीट असला, तर तो काटकोन. तो ९० अंशांचा असतो. गवंडी गुण्या लावून पाहतो, तो हाच. काटकोनाहून आवळलेला तो लघुकोन. फाकलेला तो विशालकोन.

याचा आपल्याला काय उपयोग? पाहा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. तिचे १०८९ चौरस फूट होतात. समजा, तुम्ही घरासाठी गुंठाभर जागा घेता. विकणारा चार बाजू मोजून दाखवतो. प्रत्येक बाजू ३३ फूट भरते. मग गुंठा पुरा झाला का?

नाही! बाजेचे सांधे ढिले झाले की बाज एका अंगाला कलते. लाकडे तेवढीच राहतात, पण आतली जागा कमी होते. जमिनीचेही तसेच. दोन कोपरे आवळून ६० अंशांचे झाले, तर समोरासमोरचे दुसरे दोन १२० अंशांना फाकतात. मग आत सुमारे ९४३ चौरस फूटच उरतात. १४६ चौरस फूट गेले. म्हणजे बारा फूट लांब, बारा फूट रुंद खोलीच गेली की हो! आणि पैसे मात्र पुऱ्या गुंठ्याचे.

कोपरा तपासायला एक दोरी पुरे. कोपऱ्यापासून एका बाजूवर ६ फुटांवर खूण करा. दुसऱ्या बाजूवर ८ फुटांवर करा. दोन खुणांमधले तिरके अंतर मोजा. ते बरोबर १० फूट भरले तर काटकोन. कमी भरले तर लघुकोन, जास्त भरले तर विशालकोन. दोरी ढिली धरू नका, बरं का.

शेवटी समोरासमोरचे कोपरे तिरके मोजा. या तिरक्या रेषेला कर्ण म्हणतात. पुऱ्या गुंठ्याचे दोन्ही कर्ण सारखेच, ४६ फूट ८ इंच भरतात.