सम-विषम ओळींचा हिशेब

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मेनूत ‘५०आय’, ‘५०पी’, ‘२५पी’ असे पर्याय एकाखाली एक दिसतात. लग्न, गॅदरिंग, कबड्डीचे सामने टिपणारे कितीतरी जण त्यांना हात लावत नाहीत; कॅमेरा दुकानातून आला तसाच चालू राहतो. चित्रीकरणातल्या अनेक चुका मागाहून सावरता येतात. रंग फिका आला तर सुधारता येतो, आवाज चढवता-उतरवता येतो. ही निवड मात्र रेकॉर्डिंगचे बटण दाबण्याआधीच करावी लागते, कारण जो क्षण पुरता टिपलाच गेला नाही तो एडिटिंगच्या टेबलावर परत मिळत नाही.

‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह. यात फ्रेममधल्या सगळ्या ओळी एकाच वेळेच्या असतात. ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड. यात बहुधा आधी विषम ओळी टिपल्या जातात, पहिली, तिसरी, पाचवी अशा. आणि सेकंदाचा पन्नासावा भाग उलटला की सम ओळी. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्ड मिळून फ्रेम होते खरी, पण तिच्यात दोन वेगळ्या वेळा एकमेकींत गुंतलेल्या असतात. सगळा घोळ इथून सुरू होतो.

मग अशी विचित्र पद्धत काढली तरी कशाला? जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ ओढत जाई, आणि झोत पुढे सरकला की मागचा उजेड लगेच ओसरू लागे. पडदा सेकंदाला साधारण पन्नासदा उजळला नाही, तर डोळ्यांना लुकलुक जाणवते. सिनेमाने यावर सोपा उपाय शोधला होता: चित्रे सेकंदाला २४, पण प्रोजेक्टरची फिरती पाती प्रत्येक चित्र पडद्यावर किमान दोनदा दाखवणार. १९३० च्या दशकातल्या टीव्ही संचात चित्र साठवून पुन्हा दाखवायची सोयच नव्हती. पन्नास पूर्ण चित्रे पाठवावीत, तर रेडिओलहरींवर दुप्पट जागा हवी. म्हणून अर्धे-अर्धे चित्र पाठवायची युक्ती निघाली. जर्मनीत टेलिफुंकनचे फ्रिट्झ श्रोटर आणि अमेरिकेत आरसीएचे रँडल बॅलार्ड यांनी ती स्वतंत्रपणे मांडली.

दोन्ही पद्धतींची समोरासमोर परीक्षा लंडनमध्ये झाली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा दोन यंत्रणा आलटून-पालटून वापरल्या जात होत्या. जॉन लोगी बेअर्ड यांची यंत्रणा २४० ओळींची, सेकंदाला २५ पूर्ण चित्रांची. म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रेसिव्ह. मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची, ५० फील्डची, इंटरलेस्ड. बेअर्डच्या चित्रात लुकलुक जास्त आणि तपशील कमी. फेब्रुवारी १९३७ मध्येच त्यांची यंत्रणा बंद झाली. त्या काळच्या साधनांत इंटरलेस्ड हाच योग्य निर्णय होता, असे मला मनापासून वाटते. माहितीचा भार निम्म्यावर आणूनही हालचाल सलग ठेवायची, आणि तेही संगणकाचा मागमूस नसताना, ही अभियांत्रिकी खरोखर उच्च दर्जाची होती.

आपल्याकडे आली ती ६२५ ओळींची, ५० फील्डची पद्धत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते याच मापावर. ओळींची संख्या विषम ठेवण्यातही हिशेब आहे: एका फील्डला तीनशे साडेबारा ओळी, म्हणजे ३१२.५, येतात आणि त्या उरलेल्या अर्ध्या ओळीमुळे दुसऱ्या फील्डच्या ओळी आपोआप पहिल्याच्या फटींत बसतात.

काचेची नळी गेली आणि हा हिशेब मोडला. एलसीडी पडद्यावर सगळे बिंदू सतत उजळलेले असतात. त्याला पूर्ण चित्रच लागते. मग टीव्हीला किंवा संगणकाला दोन फील्डमधून फ्रेम घडवावी लागते. याला डीइंटरलेसिंग म्हणतात. दोन फील्ड नुसती एकत्र विणली, तर स्थिर भिंत सुरेख दिसते, पण हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते येतात. हे दाते किती लांब असतात, ते मोजता येते. कबड्डीचा चढाईपटू १९२० बिंदूंची रुंदी दोन सेकंदांत पार करत असेल, तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तो सुमारे १९ बिंदू सरकतो. दाता तेवढाच. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक फील्ड ताणून पूर्ण फ्रेम करायची. दाते जातात, पण बारकावा निम्म्यावर येतो आणि आडव्या रेषा थरथरतात. चांगली सॉफ्टवेअर चित्राचा कुठला भाग हलतोय ते ओळखून दोन्ही मार्गांचा मेळ घालतात. तरीही शेवटी तो अंदाजच. मंगलाष्टके संपून अक्षता उडाल्या की या अंदाजाची खरी कसोटी लागते: शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि प्रत्येकाच्या निम्म्याच ओळी टिपलेल्या.

एचडी आले तेव्हाही इंटरलेस्ड टिकून राहिले, ते माहितीच्या भारामुळेच. १०८०आय (इथला आकडा ओळींचा) म्हणजे सेकंदाला सुमारे ५.१८ कोटी बिंदू, ७२०पी म्हणजे ५० फ्रेमना सुमारे ४.६१ कोटी, आणि १०८०पी, त्याच ५० फ्रेमना, १०.३७ कोटी. अमेरिकेत सीबीएस आणि एनबीसीने १०८०आय घेतले, एबीसीने ७२०पी. पण अल्ट्रा एचडीसाठी २०१२ मध्ये बीटी.२०२० हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात इंटरलेस्डला जागाच ठेवलेली नाही.

म्हणून आज चित्रीकरण करणाऱ्याने ‘पी’च घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाहिनीला १०८०आय हवे असेल, तरी ५०पी टिपून एका फ्रेमच्या विषम आणि पुढच्या फ्रेमच्या सम ओळी घेतल्या की काम होते. बारीक आडव्या रेषा थरथरू नयेत म्हणून चित्र उभ्या दिशेने किंचित मऊ करावे लागते, एवढेच. उलटा प्रवास, आयकडून पीकडे, अंदाजाचा.

खरा विचार करायचा तो २५पी की ५०पी याचा. २५पीमध्ये सिनेमासारखी लय येते. मुलाखत, लघुपट यांना ती शोभते. पण कॅमेरा झपकन आडवा फिरवला, तर चित्र अडखळते. लेझीम, ढोल-ताशा, खेळ यांना ५०पी. शिवाय २५ च्या टाइमलाइनवर ते निम्म्या वेगाने, न अडखळता दाखवता येते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. ३० फ्रेम आणि १/६० शटरवर हॉलमध्ये टिपलेले चित्र धडधडते ते यामुळेच.

घरोघरच्या जुन्या टेप मात्र इंटरलेस्डच आहेत, आणि त्या डिजिटल करताना फार मोठे नुकसान होते आहे. सेकंदाला ५० फील्ड म्हणजे हालचालीचे ५० टप्पे; दुकानातून बहुधा २५ फ्रेमची फाइल हाती येते आणि निम्मे टप्पे कायमचे जातात. काम देतानाच सांगावे: मूळ इंटरलेस्ड फाइल तशीच जपून द्या आणि पाहण्यासाठी वेगळी ५०पी प्रत करा. आकार मोठा करायचा असेल, तर आधी डीइंटरलेस, मग मोठा. क्रम उलटा झाला तर सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग त्या वेगळ्या करता येत नाहीत. डीव्ही टेपमध्ये खालचे, म्हणजे सम ओळींचे, फील्ड आधी येते, एचडीत वरचे, म्हणजे विषम ओळींचे. हा क्रम सॉफ्टवेअरला चुकीचा सांगितला, तर चालणारा माणूस पावलापावलाला पुढे-मागे झटके खातो. असे दिसले तर टेप खराब झाली असे समजून टाकून देऊ नये. फील्डचा क्रम बदलून पुन्हा पाहावे.