नागपूरला लपून जाणाऱ्यांसाठी
(लेखमाला : एचआयव्ही समजून घेताना – लेखांक ४)

मागच्या आठवड्यात रक्ततपासणी पाहिली. अहवाल पॉझिटिव्ह आला तर वाट पाहत बसू नये. पूर्वी प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली उतरेपर्यंत औषध मिळत नसे. २०१७ पासून आकडा कितीही असो, उपचार लगेच सुरू होतात. फक्त क्षय असेल तर आधी त्याचं औषध आणि थोड्या दिवसांनी हे.

आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. तिच्यात तीन औषधं आहेत. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन विषाणूला स्वतःची नक्कल करू देत नाहीत. डोल्युटेग्राविर ती नक्कल आपल्या पेशीच्या गाभ्यात रुजू देत नाही. मात्र आधीच रुजलेला विषाणू काही पेशींत निपचित पडून राहतो आणि त्याच्यावर औषध चालत नाही. म्हणून रक्तात विषाणू सापडेनासा झाला तरी गोळी सोडायची नाही. सोडली तर बहुधा काही आठवड्यांत तो परततो, आणि अधूनमधून खाडे झाले तर औषधाला दाद न देणारा होऊन बसतो.

खरी अडचण इथेच येते. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्यात दुखणं म्हटलं की पाय नागपूरकडे वळतात. या आजारात तर जास्तच, कारण तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही. पण संत्र्याच्या तोडणीत मजुरी बुडवून, भाडं भरून दर खेपेला तिकडे जाणं जमतंच असं नाही. एक खेप चुकते आणि गोळ्या संपतात. लपवण्याची ही किंमत फार मोठी आहे. पण एचआयव्हीच्या मोफत उपचारांचा सरकारी कार्यक्रम देशभर एकच आहे. उपचार केंद्र बदलून घेता येतं, राज्य ओलांडूनही. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. गुप्ततेसाठी कायदाही आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याने तुमची माहिती संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली आहे.

ही गोळी फुकट मिळते, हे सहज घडलेलं नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे युसुफ हमीद यांनी वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला. तोवर तो दहा हजार डॉलरांच्या वर होता. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने आठ केंद्रांवर मोफत औषध सुरू केलं. पुढे २०११ मध्ये, पुण्यातील जोडप्यांचाही सहभाग असलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात लवकर उपचार घेतल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे दिसलं. रक्तातला विषाणू (व्हायरल लोड) सापडेनासा झाला आणि तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता पक्कं झालं आहे. नवराबायकोंनी हे एकत्र बसून ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं आम्लपित्ताचं औषध घेत असाल तर ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. लोह-कॅल्शियम चालू असेल तर, विशेषतः गरोदरपणात, डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी केंद्रात पोचा. जवळचं केंद्र कोणतं, हे १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.