विसरलेला पासवर्ड आणि अडलेला लॅपटॉप

लॅपटॉप सुरू होताना पासवर्ड एकाच ठिकाणी विचारला जातो, असे नाही. बटण दाबल्यापासून कामाचा पडदा दिसेपर्यंत यंत्र तीन जागी थांबू शकते: मदरबोर्डवरच्या फर्मवेअरपाशी, माहिती साठवणाऱ्या डिस्कपाशी आणि शेवटी विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्स या कार्यप्रणालीपाशी. प्रत्येक जागेचा पासवर्ड वेगळ्या ठिकाणी साठवलेला असतो, तो तपासणारा भाग वेगळा असतो आणि विसरल्यावरचा उपायही वेगळा. एका जागी पाच मिनिटांत सुटणारी अडचण दुसऱ्या जागी मदरबोर्ड बदलण्यापर्यंत जाते आणि तिसऱ्या जागी सगळी माहिती गमावण्यापर्यंत. म्हणून हात लावण्याआधी यंत्र नेमके कुठे अडले आहे, हे ओळखावे लागते.

ही ओळख पडद्यावरून पटते. कंपनीचे चिन्ह दिसते न दिसते तोच एक साधी चौकट आली आणि विंडोजचा मागमूसही नसला, तर पासवर्ड फर्मवेअर किंवा डिस्क मागत आहे. अशा चौकटीत बहुधा हार्ड डिस्कचा उल्लेख किंवा तिचे चित्र असते, त्यावरून दोहोंतला फरक कळतो. निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जात असेल, तर ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक रूपात ठेवणारे विंडोजचे संरक्षण. वापरणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र दिसत असेल, तर यंत्र कार्यप्रणालीपर्यंत पोहोचले आहे आणि उपायांना सर्वाधिक वाव आहे.

जुना पासवर्ड जसाच्या तसा परत मिळेल ही अपेक्षा मात्र बहुतेक वेळा सोडून द्यावी लागते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६०च्या दशकाच्या आरंभी एकच संगणक अनेकांनी वापरण्याची पद्धत सुरू झाली आणि तिच्याबरोबर पासवर्डही आले. तेव्हा ते एका फाइलमध्ये उघडउघड लिहिलेले असत. ॲलन शेर या संशोधकाने १९६२ मध्ये ती फाइल चक्क छापून घेतली, कारण त्याला संगणकाचा जास्त वेळ हवा होता. पुढे युनिक्स प्रणाली घडवणाऱ्यांनी पासवर्डऐवजी त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळणारा ठसा साठवण्याची रीत रूढ केली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९च्या शोधनिबंधात तिची मांडणी केली. पासवर्डवरून ठसा काढता येतो, ठशावरून पासवर्ड काढता येत नाही. आजच्या कार्यप्रणालींतही हेच तत्त्व आहे. त्यामुळे दुरुस्ती करणाराच काय, कार्यप्रणाली बनवणारी कंपनीही विसरलेला पासवर्ड सांगू शकत नाही. नवा घालू देणे एवढेच तिच्या हाती असते, आणि तेही प्रत्येक ठिकाणी नाही.

कित्येकदा पासवर्ड विसरलेला नसतोच, तो चुकीचा उमटत असतो. कॅप्स लॉक चालू आहे का, हे पाहावे. लहान आकाराच्या काही लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला, तर उजव्या हाताच्या अक्षरांच्या जागी अंक उमटतात. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक घेतलेला असेल आणि प्रवेशाच्या वेळी तोच चालू राहिला असेल, तर इंग्रजी पासवर्डच्या जागी देवनागरी अक्षरे जातात आणि पडद्यावर ठिपके दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. विंडोजच्या प्रवेश-पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात चालू भाषा दिसते आणि तिथेच ती बदलता येते. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना आणखी एक अडचण येऊ शकते: अमेरिकी कळफलकावर ‘@’ हे चिन्ह शिफ्ट आणि २ या कळांवर असते, ब्रिटिश कळफलकावर ते अवतरणचिन्हाच्या जागी गेलेले असते. भारतात घेतलेला लॅपटॉप तिकडे नेऊन मांडणी बदलली, की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. चौकटीतले डोळ्याचे चिन्ह दाबून लिहिलेली अक्षरे पाहिली, तर शंका मिटते.

आता फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारी मदरबोर्डवरची मूळ प्रणाली. जुन्या भाषेत बायोस, नव्या भाषेत यूईएफआय. १९८४च्या आयबीएम पीसी/एटी संगणकात घड्याळाची एक चिप होती. तिच्यात अवघी ६४ बाइट स्मृती होती आणि तारीख, वेळ व यंत्राची मांडणी तीत बॅटरीच्या बळावर टिकत असे. त्या पठडीतल्या संगणकांत सुरुवातीचा पासवर्डही याच स्मृतीत राहू लागला. सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काढून थोड्या वेळाने परत बसवली, की पासवर्ड जातो, हा सल्ला तिथून आला. जुन्या डेस्कटॉपवर तो खराच होता. बऱ्याच लॅपटॉपांत मात्र उत्पादकांनी पासवर्ड वीज गेली तरी पुसला न जाणाऱ्या स्वतंत्र चिपमध्ये हलवला, कारण लॅपटॉप चोरीला जातो आणि बॅटरी काढून उघडणारा पासवर्ड चोराला अडवत नाही. अशा यंत्राची बॅटरी काढून फार तर घड्याळ मागे पडते.

फर्मवेअरमध्येही दोन पासवर्ड असतात. एक यंत्र चालू करण्याचा, दुसरा व्यवस्थापकाचा. पहिला विसरला असेल आणि दुसरा ठाऊक असेल, तर मांडणीत जाऊन पहिला काढता येतो. दुसराच विसरला, तर उत्पादकाकडे जाण्यावाचून सरळ मार्ग नाही, आणि इथे कंपनीगणिक धोरण बदलते. डेल बऱ्याच मॉडेलांसाठी मालकीची खात्री करून घेते आणि यंत्राच्या सात अक्षरी सर्व्हिस टॅगच्या आधारे सोडवणुकीचा पासवर्ड देते. लेनोवोच्या थिंकपॅड पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेले असते, की व्यवस्थापक पासवर्ड विसरल्यास तो काढून दिला जात नाही. खरेदीचा पुरावा दाखवून, शुल्क भरून मदरबोर्ड बदलून घ्यावा लागतो. ॲपलच्या इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकवर फर्मवेअर पासवर्ड असेल, तर मूळ पावती घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जावे लागते. या तिन्ही वाटांवर खरेदीचे बिल लागते किंवा फार उपयोगी पडते. त्यावर अनुक्रमांक छापलेला असेल आणि नाव स्वतःचे असेल, तर काम सोपे होते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ करणारे कुशल कारागीर आहेत. ते मदरबोर्डवरची चिप वाचून तिच्यातला मजकूर नव्याने लिहितात. वॉरंटी संपलेल्या, स्वतःच्या मालकीच्या यंत्रासाठी हा मार्ग नवा मदरबोर्ड घेण्यापेक्षा स्वस्त पडू शकतो. पण त्याच चिपमध्ये यंत्राचा अनुक्रमांक आणि इतर ओळख असते. मजकूर चुकीचा लिहिला गेला, तर यंत्र मुळीच सुरू होत नाही. शिवाय फर्मवेअर किंवा मदरबोर्ड बदलला, की बिटलॉकरला यंत्र अनोळखी वाटू शकते आणि तो ४८ अंकी किल्ली मागतो. म्हणजे एक दार उघडताना दुसरे बंद होऊ शकते. किल्ली हाती आहे का, हे आधी पाहून मगच यंत्र दुरुस्तीला द्यावे.

डिस्कचा पासवर्ड सर्वांत कठोर. तो डिस्क स्वतः तपासते, त्यामुळे ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडून काही साधत नाही. एटीए या मानकानुसार पाच प्रयत्न चुकले, की वीजपुरवठा तोडून पुन्हा सुरू केल्याखेरीज डिस्क पुढचा प्रयत्न स्वीकारत नाही. या मानकात वापरणाऱ्याचा आणि मास्टर असे दोन पासवर्ड असतात. सुरक्षेची पातळी ‘उच्च’ असेल तर मास्टर पासवर्डने डिस्क उघडते. ‘कमाल’ असेल तर त्याने ती फक्त पुसता येते. स्वतःच माहिती कूटबद्ध करणाऱ्या काही डिस्कांच्या लेबलावर ३२ अक्षरांचा एक क्रमांक छापलेला असतो. तो वापरून डिस्क कारखान्यातून आल्यासारखी कोरी होते. डिस्क वाचते, माहिती जाते.

बहुतेकांची अडचण याहून पुढची, विंडोजच्या प्रवेशाची असते. तिथे पिन आणि पासवर्ड हे दोन वेगळे आहेत. पिन त्या एका यंत्रापुरता असतो आणि नव्या लॅपटॉपांवर टीपीएम नावाची सुरक्षा-चिप त्याची राखण करते. सहसा ३२ चुका झाल्या की ती कुलूपबंद होते आणि दर दहा मिनिटांनी एक चूक विसरते. अंदाजाने आकडे दाबत बसण्यात म्हणूनच अर्थ नाही. पिन विसरला असेल तर ‘साइन-इन ऑप्शन्स’ निवडून पासवर्डने आत जाता येते. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर पिनखालच्या दुव्यावरून, इंटरनेट जोडून, नवा पिन ठरवता येतो.

त्या खात्याचा पासवर्डच विसरला असेल, तर मोबाइलवरून किंवा दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून तो बदलता येतो. नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर संकेतांक येतो, नवा पासवर्ड ठरतो आणि लॅपटॉप इंटरनेटला जोडला की तोच तिथे चालतो. अडते ते नोंदवलेला मोबाइल क्रमांक बंद पडल्यावर. परदेशी गेल्यावर भारतातला क्रमांक रिचार्जविना पडून राहतो आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो; मग संकेतांक त्याच्याकडे जातो. अशा वेळी खाते परत मिळवण्याचा अर्ज असतो, त्यात जुने पासवर्ड, ज्यांना ईमेल पाठवले त्यांचे पत्ते असे तपशील विचारतात. खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असेल, तर हा अर्जही चालत नाही. संपर्काची सगळी माहिती बदलायची झाल्यास ३० दिवस थांबावे लागते.

खाते फक्त त्या यंत्रापुरते, म्हणजे स्थानिक असेल, तर २०१८च्या विंडोज १० पासून तीन सुरक्षा-प्रश्नांची सोय आहे. चुकीचा पासवर्ड दिल्यावर ‘रीसेट पासवर्ड’ हा दुवा येतो आणि आधी दिलेली उत्तरे जुळली की नवा पासवर्ड घालता येतो. आधी कधी पेन ड्राइव्हवर पासवर्ड रीसेट डिस्क बनवली असेल, तर तीही इथेच उपयोगी पडते. त्याच लॅपटॉपवर घरातल्या दुसऱ्या कोणाचे व्यवस्थापक खाते असेल, तर तिथूनही पासवर्ड बदलता येतो. कार्यालयाचा किंवा महाविद्यालयाचा लॅपटॉप असेल, तर यांतले काही न करता तिथल्या संगणक विभागाला कळवणे हाच मार्ग.

पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून विंडोजमधला साठवलेला ठसा पुसणारी साधने बाजारात आहेत. ती चालतात, पण त्यांची किंमत क्वचितच सांगितली जाते. विंडोज काही गोष्टी खात्याच्या पासवर्डवरून तयार केलेल्या किल्लीने कूटबद्ध करते. जुना पासवर्ड देऊन नवा घेतला, तर ती किल्ली नव्या पासवर्डशी जोडली जाते. बाहेरून जबरीने पुसला, तर ती तुटते. ब्राउझरने जपलेले पासवर्ड आणि वापरणाऱ्याने मुद्दाम कूटबद्ध केलेल्या फाइली मग उघडत नाहीत.

बिटलॉकर हा संरक्षणाचा त्यापुढचा टप्पा. तो विंडोज व्हिस्टाबरोबर, २००७ मध्ये आला. इतर पासवर्ड दाराला लावलेल्या कुलपासारखे असतात. बिटलॉकर घरातले प्रत्येक कागदपत्रच सांकेतिक लिपीत लिहून ठेवतो, दार मोडून आत गेले तरी वाचता काही येत नाही. नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिला प्रवेश होताच असे संरक्षण आपोआप सुरू होऊ शकते, मालकाला त्याची जाणीवही नसते. त्याची ४८ अंकी किल्ली सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे लिहिताना झालेली चूक तिथल्या तिथे पकडली जाते. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात, यंत्रांच्या यादीत मिळते. पडद्यावर किल्लीच्या ओळख-क्रमांकाची पहिली आठ अक्षरे दिसतात, ती यादीशी जुळवून योग्य किल्ली निवडायची. किल्ली कुठेच नसेल, तर डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवावे लागते. तिथे कोणाही तज्ज्ञाचा उपाय चालत नाही, आणि चालतो असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

मॅकवरची रचना याच धर्तीची आहे. तिथले फाइलव्हॉल्ट म्हणजे बिटलॉकरचे भावंड; त्याची किल्ली २४ अक्षर-अंकांची असते. ती किंवा ॲपल खाते हाताशी असेल, तर रिकव्हरीमधून नवा पासवर्ड घालता येतो. २०२०च्या अखेरीस आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकमध्ये रिकव्हरीसाठी चालू करण्याचे बटण दाबून धरायचे असते. या मॅकना जुना फर्मवेअर पासवर्ड नाही. लिनक्सवर डिस्क कूटबद्ध नसेल, तर बाहेरून सुरू केलेल्या प्रणालीतून नवा पासवर्ड घालणे सोपे आहे. डिस्क लक्स पद्धतीने कूटबद्ध असेल आणि परवलीचा शब्द गेला असेल, तर माहितीही गेली.

या सर्व उपायांना मालकीची अट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुना लॅपटॉप विकत घेताना म्हणून विक्रेत्यासमोरच तो सुरू करून पाहावा, फर्मवेअरच्या मांडणीत जाता येते का ते तपासावे आणि मॅक असेल तर आधीच्या मालकाचे ॲपल खाते त्यातून काढून घ्यावे.

प्रवेश मिळाला, की लगेच करायची कामे थोडी आहेत. आवश्यक फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्टची किल्ली कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का ते पाहून दुसरा एक ईमेल नोंदवावा. स्थानिक खाते असेल, तर रीसेट डिस्क त्याच दिवशी बनवावी. फर्मवेअरला पासवर्ड घातला असेल आणि त्याची गरज नसेल, तर तो काढून टाकावा.